चपलेची घडणावळ: कोल्हापुरी जोड पारखून घेण्याची आणि त्याचे रास्त मोल देण्याची पद्धत

कोल्हापुरात अंबाबाईचे दर्शन घेऊन बाहेर पडलेली मंडळी सराफाच्या दुकानात कोल्हापुरी साज पाहतात, तेव्हा सोन्याच्या भावाखाली मांडलेली घडणावळ मान्य करतात. फार तर त्यात थोडी सूट मागतात, पण घडणावळ मुळात लावलीच का, असे कोणी विचारत नाही. तीच मंडळी थोड्या वेळाने चप्पल लाइनीत येतात, हाताने घडवलेला एखादा जोड उचलतात, उलटापालटा करतात आणि सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्यावर बोली सुरू करतात. चपलेलाही घडणावळ असते, तीही कोणाच्या तरी हातांची आणि दिवसांची असते, हे तेथे कोणाच्या मनातच येत नाही.

ज्यांना खरा हातचा कोल्हापुरी जोड घ्यायचा आहे, तो ओळखता यावा असे वाटते आणि त्याचे किती पैसे देणे रास्त ठरेल हे स्वतः हिशेब करून पाहायचे आहे, अशा वाचकांसाठी हे लिहीत आहे. येथे उदाहरण चपलेचे असले तरी भाव काढण्याची जी रीत पुढे दिली आहे, ती घोंगडी, बुरडाची सूप-टोपली किंवा कुंभाराचा माठ घेतानाही तितकीच उपयोगी पडते.

मोल कमी होण्याचे एक कारण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. बसस्थानकाबाहेर, जत्रेत आणि मोबाइलवर याच आकाराच्या रेक्झिनच्या चपला इतक्या स्वस्त मिळतात की तोच आकडा आपल्या डोक्यात ‘चपलेची किंमत’ म्हणून बसतो आणि त्याहून जास्त मागणारा प्रत्येक जण आपल्याला लुबाडतो आहे असे वाटू लागते. दुसरे कारण यंत्रांच्या कितीतरी आधीचे आहे. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण आपण सहज वापरतो. जी वस्तू पायात घालायची ती हलकी, आणि ती घडवणारा माणूसही हलका, असा हिशेब या समाजाने शतकानुशतके केला. कातडी कमावणारा ढोर समाज आणि चपला घडवणारा चर्मकार समाज यांच्या कामाला कसब म्हणण्याऐवजी विटाळ म्हटले गेले. याच भूमीत बाराव्या शतकातल्या कल्याणची, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणची, कथाही सांगितली जाते. बसवण्णांचे अनुयायी शरण हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून बसवण्णांना अर्पण केले, तेव्हा ते पायात घालण्याची आपली योग्यता नाही असे म्हणून बसवण्णांनी ते मस्तकी लावले. एखाद्याचे उपकार फिटत नाहीत असे सांगताना आपणही ‘कातड्याचे जोडे करून घातले तरी’ असेच म्हणतो. म्हणजे या कामाची थोरवी भाषेला ठाऊक आहे. ती फक्त दुकानाच्या पायरीवर विसरली जाते.

आधी घडण समजून घ्यावी

भाव विचारण्याआधी जोड कसा होतो हे ठाऊक असेल, तर पुढचे सगळे सोपे जाते. पारंपरिक पद्धतीत तळासाठी म्हशीचे किंवा बैलाचे जाड चामडे लागते आणि वरच्या नाजूक कामासाठी शेळीचे पातळ चामडे घेतात. कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून त्यावरचे केस आणि आतले मांस काढतात. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवतात. त्यासाठी कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात साल आणि पाणी भरून ती टांगून ठेवण्याची जुनी रीत आहे; पाणी हळूहळू पाझरत राहते आणि खाली जमलेले पुन्हा वरून ओतले जाते. या कामाला आठवडे लागतात, कारण झाडाच्या सालीतला कस चामड्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचायला वेळ हवा असतो. कारखान्यात क्रोमच्या क्षारांनी हेच काम फार लवकर उरकते. आता सगळेच कारागीर सालीत मुरवलेले चामडे वापरतात असे मात्र नाही. स्थानिक कमावणारे कमी झाले आहेत. महाराष्ट्रात २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदी बैल आणि वळूंनाही लागू झाल्यापासून ते चामडे येथे मिळेनासे झाले आणि अनेकांना तमिळनाडूतून तयार चामडे मागवावे लागते. जोडाच्या भावात ही वाहतूक आणि मधल्या व्यापाऱ्याचा नफाही आलेला असतो, हे लक्षात ठेवावे.

चामडे हाती आल्यावर ते भिजवून, ठोकून सपाट करतात. पायाच्या मापाचा तळ रापीने कापतात, त्याच्या कडा तासतात, टाचेसाठी चामड्याचे तुकडे एकावर एक बसवतात. तळाच्या दोन थरांमध्ये दोन्ही बाजूंना जे पंखासारखे चामडे धरलेले असते त्याला कान म्हणतात. पायावरचा पट्टा या कानांना जोडला जातो. पुढे अंगठा, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायचे चामड्याचे कडे, येतो, त्यावर वेणी, आणि हौसेनुसार गोंडा. थर शिवताना आरीने भोके पाडून त्यातून दोरा किंवा चामड्याची बारीक वादी ओवतात. जुन्या पद्धतीच्या जोडात लोखंडी खिळा नसतो.

वेणीचे काम एकदा जवळून पाहावे असे मी प्रत्येकाला सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात एका कारागिराच्या ओसरीवर मी सकाळपासून दुपारपर्यंत बसलो होतो. तो तळ शिवत होता आणि त्याची पत्नी भिंतीला टेकून वेणी घालत होती. चामड्याच्या वाद्या सुतळीहून बारीक होत्या; त्या पाण्याच्या वाटीत भिजत होत्या. त्यांची टोके एकत्र बांधून तिने ती पायाच्या अंगठ्यात अडकवली होती आणि दोन्ही हातांनी एकेक वादी दुसरीखालून काढून, ओढून, नखाने दाबून बसवत होती. वादी फार सुकली तर तुटते आणि फार ओली राहिली तर वाळल्यावर वेणी सैल पडते, म्हणून ती मध्येच एखादी वादी ओठाला लावून तिचा ओलावा पाहत असे. दुपारपर्यंत एका जोडापुरती वेणी झाली. जोडाचा भाव मी विचारला तेव्हा कारागिराने चामड्याचा आणि स्वतःच्या दिवसाचा हिशेब सांगितला. वहिनींच्या वेणीचे किती धरले, असे विचारल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, “ते घरचंच काम हाय की, त्याचं काय पैसं धरायचं?”

हे वाक्य मला फार दिवस टोचत राहिले. आपण घासाघीस करतो ती कारागिराच्या नफ्यातून होते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ज्या हातांची मजुरी आधीच हिशेबात नाही, त्या हातांच्या वरती आपण आणखी कात्री चालवत असतो.

कोठे घ्यावी आणि काय विचारावे

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांचे मिळून आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांत पारंपरिक रीतीने घडवलेल्या जोडालाच ‘कोल्हापुरी’ म्हणता येते. त्यामुळे अथणी किंवा निपाणीकडचा जोड समोर आला तर तो ‘खरा कोल्हापुरी नाही’ असे म्हणून नाकारण्याचे कारण नाही. तिकडच्या समगार कारागिरांचा हात या कामात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे, म्हणजे आपले लिडकॉम आणि त्यांचे लिडकर, या मानांकनाची मालक आहेत. जोडासोबत कारागिराची माहिती देणारा क्यूआर कोड देण्याची सोय अलीकडे झाली आहे. तो असेल तर दुकानातच मोबाइलवर उघडून पाहावा.

कोड नसला म्हणजे जोड खोटा, असे मात्र धरू नये. अनेक चांगले कारागीर नोंदणीच्या वाटेला गेलेले नसतात. अशा वेळी सरळ विचारावे: हा जोड कोणत्या गावात झाला, चामडे सालीत कमावलेले आहे की क्रोमचे, वेणी हाताची आहे का, आणि टाचेत काय भरले आहे. ज्याने स्वतः घडवला किंवा ओळखीच्या घरून आणला, तो या प्रश्नांनी खुलतो आणि आणखी चार गोष्टी सांगतो. ज्याला ठाऊक नाही तो ‘एकदम ओरिजिनल आहे, घ्या’ एवढेच म्हणतो. मोबाइलवरून मागवताना जोडाच्या तळाचे, बाजूच्या कडेचे आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूचे छायाचित्र मागावे. वरून काढलेल्या देखण्या छायाचित्रावरून काहीच कळत नाही.

हातात घेऊन कसे पारखावे

जोड उचलल्यावर सर्वांत आधी तळाची कड पाहावी, कारण कड फारशी लपवता येत नाही. चामड्याचे थर एकमेकांवर बसलेले स्पष्ट दिसतात. कापलेली कड आतपर्यंत तपकिरी असेल तर चामडे सालीत मुरवलेले असण्याची शक्यता मोठी. आतून निळसर-करडी छटा दिसली तर ते क्रोमचे समजावे. कडेला जाड रंगाचा लेप देऊन थर बुजवले असतील, तर टाचेजवळ किंवा कानाच्या फटीत बारकाईने पाहावे. तेथे लेप क्वचितच पोहोचतो.

मग टाच. माझी स्वतःची फसवणूक येथेच झाली होती. एका मोठ्या शहरातल्या दुकानातून घेतलेला जोड पहिल्याच वळवाच्या पावसात भिजला आणि टाच फुगून उकलली, तेव्हा आत पुठ्ठ्याचे थर निघाले. चामडे केवळ वरून गुंडाळलेले होते. तेव्हापासून मी टाच अंगठ्याने दाबून आणि बोटाने टिचकी मारून पाहतो. चामड्याच्या टाचेचा आवाज भरीव येतो आणि ती दाबली जात नाही. पुठ्ठ्याची पोकळ वाजते. तळ दोन्ही हातांनी हलकेच वाकवावा. चामडे वाकते आणि सावकाश पूर्ववत होते, तर पुठ्ठा किंवा रेक्झिन कुरकुरते आणि वाकल्या जागी पांढरी रेघ उमटते.

वेणीची पारख तिच्या पाठीवर होते. खऱ्या वेणीत मागच्या बाजूनेही वाद्या एकमेकींखालून गेलेल्या दिसतात. साच्यात दाबून उठवलेल्या नक्षीची मागची बाजू सपाट असते. टाके पाहताना त्यांची ओळ अगदी आखल्यासारखी असावी असा हट्ट धरू नये. हाताच्या टाक्यांत किंचित तिरकेपणा असतो, पण ते घट्ट बसलेले असतात आणि त्यांतले अंतर साधारण सारखे राहते.

करकर आवाजाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण अनेक जण तोच खरेपणाचा पुरावा मानतात. तळाच्या थरांमध्ये बी ठेवून हा आवाज मुद्दाम आणता येतो आणि तशी मागणी करून जोड बनवूनही घेता येतो. तो हौसेचा भाग आहे. आवाज न करणारा जोड कमअस्सल नसतो आणि करकरणारा प्रत्येक जोड हातचा नसतो.

एक जास्तीची गोष्ट म्हणजे वास. सालीत मुरवलेल्या चामड्याला झाडाच्या सालीचा आणि तेलाचा उग्र, मातकट वास येतो. रसायनाचा किंवा सोल्युशनचा झणझणीत वास सगळ्यांत आधी नाकात शिरला, तर तो जोड शिवलेला कमी आणि चिकटवलेला जास्त आहे असे समजावे.

फरक कोणता आणि दोष कोणता

हस्तकलेवर प्रेम करणारे लोकही येथे गोंधळतात. काही जण हाताने केलेल्या वस्तूत यंत्राची सफाई शोधतात आणि थोडा फरक दिसला की भाव पाडतात. काही जण उलट टोकाला जाऊन प्रत्येक चूक ‘हाताचे काम आहे, चालायचेच’ म्हणून पोटात घालतात. कारागिराचा मान दोन्हींत राहत नाही. चांगल्या कारागिराला आपल्या कामातला दोष कळतो आणि तो दाखवला तर त्याला राग येत नाही; राग येतो तो खोट काढून पैसे तोडण्याचा.

एकाच जोडातल्या दोन चपलांच्या रंगात पुसटशी छटा वेगळी असणे, चामड्यावर जनावराच्या जुन्या जखमेचा किंवा नसेचा माग दिसणे, वेणीचा शेवटचा पेड एका बाजूला केसभर जाड असणे, हे सगळे फरक आहेत. चामडे हे एका जिवंत जनावराचे होते आणि ते कोणाच्या तरी हाताखालून गेले, एवढेच ते सांगतात. त्यासाठी पैसे कमी करायला सांगणे अयोग्य आहे. याउलट, दोन तळांच्या लांबीत उघड फरक असणे, अंगठा एका पायात डावीकडे ओढलेला असणे, टाका चामड्याच्या अगदी कडेला पडल्यामुळे तेथे चीर सुरू झालेली असणे, टाच जमिनीवर ठेवल्यावर डुगडुगणे, हे दोष आहेत. जोड सपाट फरशीवर ठेवून मागून पाहिला म्हणजे डुगडुग लगेच कळते. असा जोड स्वस्तात मागून नेऊ नये. तो दुरुस्त करून द्यायला सांगावा किंवा दुसरा घ्यावा. दोषाचा जोड कमी भावात विकला जाऊ लागला की निगुतीने काम करणाऱ्याच्या जोडाचा भावही त्याच्याशी तोलला जातो.

भावाचा हिशेब

आता घडणावळीकडे येऊ. दुकानात जाण्याआधी कागदावर चार ओळी लिहाव्यात: माल, हात, दिवस आणि रिकामे दिवस. पुढचे आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. वाचकांनी आपल्या भागातले खरे आकडे विचारून तेथे घालावेत.

समजा, एका मध्यम कामाच्या जोडाला ५०० रुपयांचे चामडे लागले आणि दोरा, वादी, तेल, रंग यांचे ८० रुपये झाले. तळ कापण्यापासून पट्टा बसवण्यापर्यंत घडवणाऱ्याचा पूर्ण एक दिवस गेला आणि वेणी घालणारीचा अर्धा दिवस गेला. गावात बांधकामावरच्या बिगाऱ्याला दिवसाला ६०० रुपये मिळतात असे धरले, तर दीड दिवसाचे ९०० रुपये होतात. माल आणि हात मिळून १,४८० रुपये झाले. आता रिकाम्या दिवसांचा विचार करावा. पावसाळ्यात चामडे वाळत नाही आणि गिऱ्हाईकही फिरकत नाही; आरी-रापी झिजते, काही जोड मापात न बसल्याने वर्षभर पडून राहतात, चामड्यात पैसे आधीच गुंतवावे लागतात. त्यासाठी २२० रुपये धरले तर जोड १,७०० रुपयांना जातो. यात कारागिराला बिगाऱ्याइतकीच मजुरी मिळाली; पंधरा-वीस वर्षांच्या कसबाचा एक पैसाही अजून धरलेला नाही.

याच जोडाचे कारागिराने १,५०० रुपये सांगितले आणि आपण १,००० रुपयांत तोडला, तर काय झाले ते पाहावे. मालाचे ५८० रुपये वजा जाता ४२० रुपये उरले आणि ते दीड दिवसावर वाटले गेले, म्हणजे एका दिवसाला २८० रुपये. मधे दुकानदार असेल तर त्याचा हिस्सा यातूनच जातो, कारण चामड्याच्या भावात घासाघीस करण्याची ताकद कारागिराकडे नसते. कमी होते ती फक्त त्याच्या हाताची मजुरी. मी स्वतः तरुणपणी एका वृद्ध कारागिराकडून असाच जोड निम्म्या भावात आणला होता आणि घरी येऊन आनंदाने सांगितला होता. त्या दिवशी त्यांच्याकडे सकाळपासून विक्री झालेली नव्हती, हे मला समोर दिसत होते. तो जोड मी नऊ वर्षे वापरला, आणि त्याचे उरलेले पैसे माझ्यावर अजून आहेत असे मला वाटते.

म्हणून भावाविषयी बोलण्याची रीत बदलावी. ‘किती कमी करणार?’ हा पहिला प्रश्न नसावा. ‘मामा, याला किती दिवस गेले?’ असे विचारावे. उत्तर ऐकून वर दिलेला हिशेब मनात करावा. आकडा आपल्या ऐपतीबाहेरचा असेल तर तसे मोकळेपणाने सांगावे आणि साध्या पट्ट्याचा, वेणी नसलेला किंवा एका थराचा जोड दाखवायला सांगावे. कमी पैशांत कमी कामाचा जोड घेणे हा प्रामाणिक व्यवहार आहे, जास्त कामाचा जोड कमी पैशांत ओढणे तसा नाही. हिशेबाहून आकडा फारच मोठा वाटला तर का, हेही विचारावे. कधी वेणीचे पेड जास्त असतात, कधी चामडे खास कमावलेले असते, आणि कधी खरोखरच प्रवाशाला पाहून भाव वाढवलेला असतो. दुकानदाराशी बोलताना यातले कारागिराला किती जातात, हे विचारायला संकोच करू नये.

भाव वस्तूवर किती आणि नावावर किती अवलंबून असतो, याचे उदाहरण जून २०२५ मध्ये सर्वांनी पाहिले. प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीच्याच घाटाच्या चपला ‘लेदर सँडल’ म्हणून दाखवल्या. येथून आवाज उठल्यावर कंपनीने मूळ मान्य केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये लिडकॉम व लिडकर यांच्याशी करार केला. सुमारे ८०० युरोंना विकायचे २,००० जोड येथे घडवायचे ठरले. घाट तोच, कान तेच, अंगठा तोच. कोल्हापुरात हजार-दीड हजारांवर खळखळ करणाऱ्या आपल्याला ८०० युरोंचा आकडा ऐकून अभिमान वाटला, तर पुढच्या वेळी दुकानात त्या अभिमानाला साजेसे वागावे.

मापाने करून घेताना

शक्य असेल तर जोड मापाने करून घ्यावा. कारागिराला ते जास्त सोयीचे जाते, कारण विकला जाईल की नाही ही चिंता त्याला राहत नाही, आणि आपल्याला पायाच्या ठेवणीप्रमाणे जोड मिळतो. माप संध्याकाळी द्यावे, दिवसभर वावरल्यावर पाय थोडा फुगलेला असतो. कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची रेघ काढून घ्यावी. बहुतेकांचे एक पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित मोठे असते. पट्टा सुरुवातीला घट्ट वाटेल असाच ठेवावा, कारण चामडे रुंदीत सैल होते. लांबीत मात्र ते वाढत नाही, म्हणून टाचेमागे थोडी जागा असलीच पाहिजे.

निम्मे पैसे आगाऊ द्यावेत. चामडे विकत घ्यायला कारागिराला कर्ज काढावे लागणे किंवा न लागणे अनेकदा एवढ्यावरच ठरते. पंधरा दिवस सांगितले तर वीस धरून चालावे, लग्नाच्या तिथीला टेकून मागणी नोंदवू नये, आणि ढगाळ हवेत चामडे वाळायला उशीर झाला तर घाई करू नये. ओल्या चामड्यावर शिवलेला टाका वाळल्यावर सैल पडतो.

पायात घातल्यानंतर

नवा जोड चावतो, आणि पुष्कळ चांगले जोड याच कारणाने आठवडाभरात कपाटात जाऊन पडतात. पहिले काही दिवस तो घरातच अर्धा-पाऊण तास घालावा. अंगठ्याच्या आतल्या बाजूला आणि पट्ट्याच्या कडेला खोबरेल किंवा एरंडेल बोटाने चोळून रात्रभर ठेवावे. तेल थोडेच लावावे. चामडे निथळेपर्यंत तेल दिले तर ते लिबलिबीत होते आणि टाके ओढले जातात. दोन आठवड्यांत तळावर आपल्या पावलाचा ठसा उमटतो, आणि मग तो जोड दुसऱ्या कोणाच्या पायाला नीट बसत नाही.

पावसात हा जोड घालू नये. भिजलाच तर कोरड्या फडक्याने टिपून, आत कागदाचे बोळे ठेवून सावलीत वाळवावा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलेले चामडे आखडते आणि तडकते. पावसाळ्याचे चार महिने तो सुती कापडात गुंडाळून हवेशीर फळीवर ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत हमखास बुरशी धरते. बुरशी आली तरी घाबरू नये, ब्रशने झाडून, सावलीत वारा देऊन, तेलाचा हात फिरवला की जोड पुन्हा घालण्याजोगा होतो.

टाच झिजू लागली की लगेच थर बदलून घ्यावा. झीज टाक्यापर्यंत पोहोचली तर सगळा तळ उसवावा लागतो. दुरुस्तीला देताना खिळा मारू नये, दोऱ्याने किंवा वादीने शिवावे, असे स्पष्ट सांगावे. खिळा गंजतो आणि भोवतालचे चामडे खातो. शक्य तोवर ज्याने घडवला त्याच्याकडेच जोड न्यावा, आणि त्या कामाचेही पैसे नीट द्यावेत, कारण उसवून पुन्हा शिवणे हे नवे शिवण्याहून किचकट असते. घेतानाच कारागिराचे नाव, गाव आणि फोन क्रमांक वहीत लिहून ठेवलेला असला म्हणजे टाच बदलायची वेळ येते तेव्हा शोधाशोध करावी लागत नाही. वेणी ज्यांनी घातली, त्यांचेही नाव त्याच ओळीत लिहावे.